हात बघून साबण देणारं मशीन

"फोम हवा की लिक्विड?" दुकानदाराने विचारलं, आणि काटेवाले पहिल्याच प्रश्नाला अडकले.

घरून निघताना त्यांची समजूत अशी होती की साबण देणारं मशीन म्हणजे साबण देणारं मशीन. खाली हात धरायचा, वरून साबण पडायचा. त्यात विचारण्यासारखं काय असणार? पण नळ आणि बेसिनच्या त्या दुकानात काउंटरवर मशीनांची रांगच लागलेली होती, आणि दुकानदाराच्या पोतडीतून प्रश्नामागून प्रश्न निघत होते. भिंतीला लावायचं की बेसिनवर ठेवायचं? बॅटरीचं की चार्जिंगचं? सेन्सर खाली की समोर? साबण कमीजास्त करायचं बटण हवं का?

"तुम्ही घरी कुठलं वापरता?" काटेवाल्यांनी विचारलं.

"मी? माझ्याकडे वडी आहे, काका. तिला काय, ना बॅटरी ना बटण."

"मग मला ही का दाखवताय?"

"तुम्ही मागितलीत म्हणून."

काटेवाल्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं मशीन हातात घेतलं.

त्यांना सगळे काटेवाले म्हणत, कारण त्यांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. किराणा दुकानातले ताजवे, टपालाचे छोटे काटे, वखारीतले माणूस उभा राहील एवढे मोठे काटे, सोनाराच्या काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. पुढे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेही ते शिकले. गेल्या वर्षी दुकान बंद केलं, तरी रस्त्यात कुणी दुकानदार भेटला की आधी काट्याची विचारपूस करत, मग माणसाची. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं की पोतं कमी भरतंय, माल पाठवणारा चोर आहे, हमालाने वाटेत हात मारला. काटेवाले म्हणायचे, "आधी काटा बघू. चुकतो तो काटा." बहुतेक वेळा तेच खरं निघायचं, आणि त्यामुळे बरीच भांडणं मिटली होती. माणसावर संशय घ्यायचा नाही, यंत्रावर घ्यायचा. हा नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो नियम आहे हेसुद्धा ते विसरून गेले होते.

साबणाचं मशीन हवं होतं ते बायकोसाठी. तिला घरीदारी सगळे सिस्टर म्हणत, काटेवालेही म्हणत. ती ऑपरेशन थिएटरची नर्स होती. लग्नाआधी, नवजात बाळांचं वजन करायचा काटा बिघडला म्हणून काटेवाले त्या हॉस्पिटलात गेले होते. त्यांनी पेटी उघडली, पान्हा काढला आणि काट्याच्या तबकडीला हात लावणार इतक्यात मागून आवाज आला, "आधी हात." त्यांनी हात धुतले. "हे धुणं नाही, ही पाण्याची ओळख झाली. परत." त्यांनी परत धुतले. बोटांच्या मध्ये, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. तिसऱ्या वेळी तिने होकाराची मान हलवली. काटा दुरुस्त व्हायला लागला त्यापेक्षा हात धुवायला जास्त वेळ गेला, असं ते नंतर लोकांना सांगत. सिस्टर म्हणायची, "आणि काटा तरी कुठे नीट झाला होता? दुसऱ्यांदा बोलवावं लागलंच की." काटा नीट झाला होता. दुसऱ्यांदा का बोलावलं, यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

त्या सिस्टरचे हात आता थरथरत. हात मांडीवर असले की शांत असत. काही घ्यायला पुढे केले की कापायला लागत. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, पण जाण्यासारखंही नाही. गोळ्यांनी थोडा उतार पडला. घरात झाकणाचा पेला आला, जाड मुठीचा चमचा आला, बटणांचे कपडे गेले आणि डोक्यावरून ओढायचे आले. या सगळ्याला तिने फारशी कुरकूर केली नाही. अडलं ते साबणाशी. वडी हातातून निसटून बेसिनभर पळायची. दाबायची बाटली आणली, तर थरथरत्या हाताने ती आडवी व्हायची. एकदा ती खाली पडली, साबण फरशीवर सांडला आणि सिस्टर त्यावरून घसरली. नशीब बलवत्तर, दाराची कडी हाताला लागली म्हणून नुसत्या गुडघ्यावर निभावलं.

तेव्हापासून काटेवाले तिच्याबरोबर बाथरूममध्ये उभे राहायचे आणि तिच्या तळव्यावर साबण घालायचे. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. आयुष्यभर जिने इतरांच्या धुतलेल्या हातांवर पास-नापासचा शिक्का मारला, तिला स्वतःचे हात धुवायला नवरा लागावा, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. तो साबण कमी घालतो, हेही होतंच.

गुडघ्याची बातमी लेकीपर्यंत गेली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, नोकरी करायची, आणि काळजी वाटली की तिचा आवाज चढायचा. फोनवर तिने निकाल देऊन टाकला, "दिवसभराची बाई ठेवायची. मी एकीशी बोलून ठेवलंय. रविवारी घेऊन येते, बघून घ्या."

"मला कशाला बाई?" सिस्टर म्हणाली.

"बाथरूममध्ये तुझ्याबरोबर कुणीतरी हवं, आई."

"बाथरूमला दार असतं ते कशासाठी?"

"बाबा किती दिवस उभे राहणार आहेत?"

"त्यांना बाहेर काढायचाच माझा विचार चाललाय."

शेवटी तह झाला. रविवारपर्यंत साबणाची अशी सोय व्हावी की सिस्टर एकटी, दार लावून, न सांडता हात धुऊ शकेल. झाली तर बाई नको. नाही झाली तर बाई.

म्हणून काटेवाले दुकानात उभे होते, आणि त्यांच्या डोक्याचा भुगा होत होता.

फोम पटकन धुऊन जातो, पण लिक्विड जास्त दिवस पुरतं. बॅटरी बदलावी लागते, पण चार्जिंगचं मशीन चार्जिंगला लावलं की बेसिन पोरकं. भिंतीचं पडत नाही, पण टाइलला भोक पडतं. प्रत्येक गुणाला मागे एक शेपूट होतं. दुकानदार एकाची स्तुती करायचा, काटेवाले मान डोलावायचे, तोवर तो दुसऱ्याची सुरू करायचा आणि पहिलं एकदम वाईट वाटायला लागायचं. एका मशीनच्या खोक्यावर लिहिलं होतं 'संपूर्ण कुटुंबासाठी'. काटेवाले ते बराच वेळ वाचत राहिले. मग बाकीची कुणासाठी होती?

अखेर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. पारख. प्रत्येक मशीनखाली हात धरून बघितला. हळूच बोट नेलं. लांबून नेलं. काही मशीनं ढिम्म होती. हात दिसला तरी विचार करत बसायची. कोपऱ्यात एक जुनाट, पिवळट पडलेलं होतं, ते तर इतका वेळ गप्प राहिलं की काटेवाल्यांना वाटलं बंद आहे. त्यांनी हात काढला आणि मागून साबणाचा गोळा टपकन काउंटरवर पडला.

"ते सोडा, काका," दुकानदार फडकं मारत म्हणाला. "जुना माल आहे. मलाच लाज वाटते."

एक पांढरंशुभ्र मशीन मात्र लाखात एक होतं. करंगळीचं टोक खाली जायचा अवकाश, फोमचा मऊ गोळा हजर. काटेवाल्यांचे डोळे चमकले. काटा जेवढा नाजूक तेवढा चांगला. धुळीचा कण पडला तरी जो हलतो, तो खरा काटा. त्यांनी ते घेतलं, घरी नेलं, चिकटपट्टीने बेसिनच्या वर बसवलं, आणि सिस्टरला बोलावून स्वतःचा हात खाली धरून दाखवला. साबण आला. हात काढला, परत धरला. परत आला.

"बघ. दाबायचं नाही, धरायचं नाही. नुसता हात न्यायचा."

"कळलं," सिस्टर म्हणाली. "आता बाहेर व्हा."

तिने दार लावलं. आतून कडीचा आवाज आला. काटेवाले बाहेर खुर्चीवर बसले. किती दिवसांनी त्यांना दाराची ती बाजू बघायला मिळाली होती. पाण्याचा आवाज आला, थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा पाणी. सिस्टर बाहेर आली, हात कोरडे, चेहराही कोरडा.

"कसं आहे?"

"साबण येतो."

थोड्या वेळाने ते स्वतः आत गेले, तर बेसिनमध्ये फोमची टेकडी. काठावर फोम, नळावर फोम, खाली फरशीवरही पुसल्याच्या खुणा.

त्यांनी हात धरून पाहिला. एक गोळा. बरोबर. पुन्हा धरला. एक गोळा. अगदी शहाण्या मुलासारखं.

मग ही टेकडी कुठून?

इथून पुढे काटेवाल्यांचा जो गोंधळ उडाला तो रविवारपर्यंत उतरला नाही. त्यांना वाटलं, समोरच्या आरशामुळे मशीनला आरशातला हात दिसत असेल. त्यांनी आरशावर टॉवेल टांगला. दुपारी टेकडी पुन्हा हजर. त्यांना वाटलं, खिडकीतल्या उन्हाची तिरीप सेन्सरवर पडते. खिडकीला पुठ्ठा लावला; बाथरूममध्ये अंधार झाला, टेकडी तेवढीच. काटा वाकडा बसला की चुकतो, म्हणून त्यांनी पेटीतून पाणपातळी काढली आणि मशीन सरळ आहे की नाही बघितलं. सूतभरही फरक नव्हता. नळाच्या वाफेमुळे होत असेल? पण वाफ नव्हती, पाणी गार होतं. सिस्टर आत असताना टेकडी व्हायची, ते आत असताना नाही. एवढं दिसत असूनही त्यांना त्याचा अर्थ लागेना. साप साप म्हणून ते भुई धोपटत होते.

"आत असताना मशीन काही वेगळं वागतं का?" त्यांनी एकदा विचारलं.

"मशीन कसं वागणार? मशीनसारखंच."

"साबण जास्त येतो?"

"पुरेसा येतो."

"पुरेसा म्हणजे?"

"तुम्ही घालायचात त्यापेक्षा जास्त," सिस्टर म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

काटेवाले मशीन घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर ठेवलं, हात धरला, एक गोळा. काटेवाल्यांनी धरला, एक गोळा. दोघांनी आळीपाळीने धरून पाहिला. मशीनने कुणालाही तक्रारीला जागा दिली नाही. शेजारी नळ बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकानेही हात धुऊन घेतले.

"काका, मशीन ठणठणीत आहे."

"घरी आपोआप ओकतं."

"घरात मांजर आहे?"

"नाही."

"झुरळ?"

"आमच्या घरात? बायको नर्स आहे माझी."

दुकानदाराने डोकं खाजवलं आणि त्याच जातीचं दुसरं मशीन बदलून दिलं. घरी आल्यावर तेही ओकलं. काटेवाले आगीतून निघून फुफाट्यात पडले, फरक इतकाच की फुफाटा नवाकोरा होता.

रविवारी लेक आली. बाईला तिने बरोबर आणलं नव्हतं, संध्याकाळी बोलावलं होतं. चपला काढता काढताच ती बाथरूममध्ये शिरली. आरशावर टॉवेल, खिडकीला पुठ्ठा, बेसिनवर फोम, आणि दाराजवळच्या फरशीवर एक ओलसर पट्टा. तिने पायाचं बोट त्यावरून फिरवलं.

"बाबा, ही तुमची सोय?"

"मशीनमध्ये दोष आहे. मी शोधतोय."

"किती दिवस शोधणार? ती परत घसरली तर? मी बाईला नक्की कळवते." तिने पर्समधून फोन काढला.

सिस्टर बैठकीच्या खोलीत बसली होती, हात मांडीवर, एकात एक. ती उठली. बाथरूमपाशी आली, दोघांना बाजूला सारून आत गेली, आणि दार लावायला हात नेला. मग तो मागे घेतला.

"बघून घ्या एकदाचं," ती म्हणाली. "दोघंही."

तिने दोन्ही बाह्या वर केल्या आणि उजवा हात मशीनकडे नेला. नेताना तो कापायला लागला, नेहमीसारखा, आत-बाहेर, आत-बाहेर. हात आत गेला, मशीनने फोम टाकला. हात थरथरत बाहेर आला, पुन्हा आत गेला. मशीनला वाटलं नवीन हात आला, त्याने पुन्हा टाकला. पुन्हा. पुन्हा. अर्धा फोम तळव्यावर, अर्धा बेसिनमध्ये, थोडा काठावरून खाली. लाखात एक असलेलं ते मशीन जीव तोडून काम करत होतं. एकही थरथर त्याने वाया जाऊ दिली नाही.

सिस्टरने हात धुतले. बोटांच्या मध्ये, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. मग खाली वाकून फडक्याने फरशी पुसायला लागली तेव्हा लेकीने फडकं तिच्या हातून घेतलं.

"तू सांगितलं का नाहीस?" काटेवाले म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आत येऊन उभे राहिला असता."

ते खरं होतं. काटेवाले स्टुलावर बसले. आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचाच आता त्यांना नवा गोंधळ पडला. हात कापतात हे माहीत होतं, त्याचसाठी तर मशीन आणलं. दाबायचं नाही, धरायचं नाही, म्हणजे कापण्याचा प्रश्न मिटला, असं ते धरून चालले होते. आणि पारखताना हात कुणाचा धरला? स्वतःचा. चाळीस वर्षं सोन्याची रतीभर वजनं ज्याने न हलता ठेवली, तो.

"सोनाराचा काटा नेऊन वखारीत ठेवला मी," ते म्हणाले.

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"अगं, सोनाराचा काटा माशी बसली तरी हलतो. म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवतात. वखारीत हमाल पोतं आदळतो, पोतं डुलतं, हमालही त्याच्याबरोबर डुलतो. तिथे काटा जरा जड, जरा आळशीच लागतो. सगळं थांबेपर्यंत तो उत्तरच देत नाही." त्यांना काहीतरी आठवलं आणि ते उठले. "सिस्टर, चपला घाल."

"कुठे?"

"दुकानात. या खेपेला तू पारख."

लेकीच्या हातात फोन तसाच होता. "बाबा, संध्याकाळी बाई येणार आहे."

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," सिस्टर म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

दुकानात सिस्टर काउंटरशी उभी राहिली तेव्हा दुकानदाराने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने पहिल्या मशीनखाली हात नेला, दुसऱ्या, तिसऱ्या. काउंटरवर फोमचे ढीग व्हायला लागले. दुकानदार हात बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता. काटेवाल्यांनी त्याला सांगितलं, "ते लाज वाटणारं आणा."

"कुठलं?"

"पिवळट. कोपऱ्यातलं."

ते खोक्यांमागे गेलं होतं, बाहेर आलं, बॅटऱ्या घातल्या गेल्या. सिस्टरने हात खाली नेला. हात कापत होता. मशीन गप्प. हात आत-बाहेर होत राहिला, मशीन गप्पच. मग, जणू खात्री पटल्यावर, त्याने एक गोळा टाकला आणि पुन्हा मौन धरलं. हात थरथरत राहिला. त्याने तिकडे ढुंकून बघितलं नाही.

"परत," सिस्टर म्हणाली, तोच जुना आवाज.

परतही तसंच झालं. तिसऱ्या वेळी साबण थोडा बोटांवर, थोडा बाहेर पडला. दुकानदार म्हणाला, "फार हळू आहे हो, ताई. लोक वैतागतात."

"चांगल्या नर्सेसही सुरुवातीला हळूच असतात," सिस्टर म्हणाली. "भराभर धुणाऱ्यांना मी परत पाठवायची."

काटेवाल्यांनी पिशवीतून आणलेलं पांढरं मशीन दुकानदाराने परत घेतलं आणि वर काही नवा माल दाखवायचा एक प्रयत्न करून बघितला. कुणी ऐकलं नाही.

घरी काटेवाल्यांनी आरशावरचा टॉवेल काढला, खिडकीचा पुठ्ठा काढला आणि पिवळं मशीन बसवलं, थोडं खाली, सिस्टरला कोपर बेसिनच्या काठाला टेकता येईल असं. ती जागा तिनेच सांगितली. मग तिने त्यांना बाहेर घालवलं आणि दार लावलं. बाप-लेक बाहेर बसले. आत शांतता, मग पाणी, मग कडी. लेक लगेच आत गेली. फरशी कोरडी होती. बेसिनमध्ये थोडा साबण सांडला होता, वाटीभरही नाही.

लेकीने स्वतःचा हात मशीनखाली धरला. काही झालं नाही. तिने हात हलवला, मशीनला टिचकी मारली, परत धरला.

"हे बंद आहे, आई."

"बंद नाही. तुला थांबता येत नाही."

लेकीने वैतागून हात काढला, आणि मशीनने निवांतपणे गोळा रिकाम्या बेसिनमध्ये टाकला. काटेवाले हसले. लेक हसली नाही, पण तिने बाईला फोन केला आणि आज यायला नको म्हणून सांगितलं. "आज," हा शब्द तिने जरा दाबून उच्चारला. जाताना बाईचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून गेली.

काटेवाले तो काढायला गेले, तर सिस्टर म्हणाली, "राहू द्या. लागेल तेव्हा लागेल."

मग ती बाथरूममध्ये गेली. काटेवाल्यांनी सवयीने दोन पावलं तिच्यामागे टाकली, आणि दार त्यांच्या नाकासमोर बंद झालं.